वहिनीचं काम कोणी करायचं

तुम्हाला हाक मारायची म्हटलं तर माझ्याजवळ शब्दच नाही. तुम्ही माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, माझे भासरे. लग्न होऊन मोताळ्याहून वडनेरला आले तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे तुमच्या आईने, पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, की भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांचं नाव घ्यायचं नाही आणि त्यांच्याशी बोलायचं नाही. मी ऐकलं. आपल्याकडे सगळ्याच सुना ऐकतात. तुम्हाला काही सांगायचं असलं की मी आत्याबाईंना सांगायची, त्या जवळ नसल्या तर ओसरीच्या खांबाला सांगायची. तुम्हीही खांबालाच उत्तर द्यायचे. "भाजी खारट झाली म्हना," असं तुम्ही खांबाला म्हणालात की मी आतून चुलीला म्हणायची, "मीठ आत्याबाईनं टाकलं म्हना."

गाव तुम्हाला दादा म्हणत होतं. आता तुम्ही गेलात, तर मीही दादाच म्हणते. अडवायला कोणी नाही.

खरं सांगू का दादा, मला रडायलासुद्धा नीट फुरसत झालेली नाही, इतकी भीती वाटते आहे. परवा जत्रा. जत्रेत आपलं नाटक. पीठ मळताना संवाद म्हणून पाहिले तर दुसऱ्या अंकातला निम्मा प्रवेश आठवेना. आठवला तर पहिला अंक पळून गेला. तुमचं काम नसेल तेव्हा तुम्ही पडद्याआड बसून मला आठवण करून देणार होता. "तिले सांग आई, अटकली तं मी हावो ना तिथंच," असं म्हणाला होतात. त्या एका शब्दावर मी हे सगळं अंगावर घेतलं होतं.

तो जुना सिनेमा मी लहानपणीच पाहिला होता, मोताळ्याच्या बाजारात तंबू लागायचा तेव्हा, आईच्या मांडीवर बसून. एक मोठं घर, म्हातारा सासरा, दोन भाऊ. सासू नाही, म्हणून थोरली सून घर सांभाळते, धाकट्या दिराला पोटच्या पोरासारखं वाढवते. तोच दीर मोठा होऊन वेगळं निघायचं म्हणतो. एवढीच गोष्ट. पण आपल्या भागातल्या बायकांनी ती मनात जपून ठेवली. वडनेरच्या नाट्यमंडळाने तिचं नाटक बसवलं आणि वहिनी तुम्ही झालात. एरवी वांग्यामिरच्यांच्या वाफ्यांना पाणी देणारा माणूस जत्रेला नऊवारी लुगडं नेसून उभा राहायचा आणि गाव रडायचं. मी लग्न होऊन आले त्या वर्षी बायकांच्या घोळक्यात बसून पाहिलं. शेजारची कानात म्हणाली, "हे तुहे भासरे व्हय." मी पदर पुढे ओढला, पण डोळे झाकले नाहीत. नाटकातल्या बाईकडे पाहायला मला कोण मनाई करणार होतं?

त्या लुगड्यापायी तुमचं लग्न राहिलं, हे मला नंतर कळलं. बाईचं सोंग घेणाऱ्याला मुलगी कोण देणार, म्हणून ठरत आलेली बोलणी मोडली. आत्याबाईंनी तुमचं नाटक एकदाही पाहिलं नाही. जत्रेच्या दिवशी त्या देवळात नारळ फोडून घरी यायच्या आणि दाराला आतून कडी लावून बसायच्या. तुम्ही त्यावर कधी काही बोलला नाहीत, निदान खांबाजवळ तरी नाही.

मग यंदा मलकापूरच्या टॉकीजला तोच सिनेमा नव्याने काढलेला आला. आपलं महाराष्ट्र राज्य झाल्याला अजून फार वर्षं झालेली नाहीत, जिकडेतिकडे नवंनवं चाललं आहे, तर सिनेमाही नवा. तुम्ही दोन गाड्या जुंपल्यात. पुढच्या गाडीत तुम्ही पुरुष, मागच्या गाडीत आम्ही बायका. आत जाऊन बसलो, अंधार झाला आणि वहिनी जिन्यावरून खाली उतरली. गोरीपान, कोवळी, कानामागे फूल, अंगावर इस्त्रीचं पातळ. थोरली सून कुठली, त्या दिराची धाकटी बहीण शोभली असती. तिने चूल फुंकली तरी डोळ्यांत धूर गेला नाही. भाकर थापायची वेळ आली तेव्हा तिचं तोंड दाखवलं आणि हात दुसऱ्याच बाईचे दाखवले. काळेसावळे, पिठात मुरलेले हात, बांगड्याही वेगळ्या. माझ्या शेजारची मोठ्याने म्हणाली, "हे हात कोनाचे व्हय वं?"

आणि आपल्यासारखं बोलणारा साऱ्या सिनेमात एकच जण होता, तो घरगडी. तो "मले, तुले" म्हणाला की टॉकीज हसायची. बसलेली सगळी आपलीच माणसं, घरी जाऊन बायकोला "मले पानी दे" म्हणणारी, आणि हसून हसून पोट धरत होती. मलाही हसू आलं होतं, आणि मग माझा मलाच राग आला.

परत येताना तुम्ही बैलांशी बोलल्यासारखं बोललात, पण आवाज मागच्या गाडीपर्यंत पोचावा असाच लावला होता. "ज्या बाईचे हात दाखोले, तिलेच वहिनी कराचं व्हतं ना बे. तोंड काऊन दुसरीचं लावलं?"

घरी आल्यावर तुम्ही ओसरीवर बसलात आणि सांगून टाकलंत की यंदा मी वहिनी करणार नाही. "बाईचं काम बाईनंच करावं. तोंड तिचं अन् हातबी तिचेच."

आत्याबाई म्हणाल्या, "गावात कोन बाई चढीन बापा तिथं?"

तुम्ही खांबाकडे पाहिलंत. "घरातच हाये."

हे तुमच्या डोक्यात कुठून आलं ते मला ठाऊक आहे. बांगड्या भरायला येणाऱ्या कासारणीची नक्कल मी एकदा दुपारी बायकांपुढे करत होते. तिचं ते मान वेळावून भाव सांगणं, बांगडी फुटली की दोष आमच्या हाडांना देणं. दाराबाहेर कोणीतरी हसलं आणि मी जीभ चावली. तेव्हा तुम्ही आत्याबाईंना एवढंच म्हणालात, "पानी दे." पण तुम्ही पाणी न पिताच निघून गेलात, हे मी पाहिलं होतं.

ह्यांनी काही दिवस तोंड फुगवून काढले. बायको लोकांपुढे उभी राहणार म्हणजे त्यांना मान वर करून बाजारात जाता येईना. मग तुम्ही त्यांना मळ्यात घेऊन गेलात. तिथे काय बोललात ते दोघांपैकी कोणीच मला सांगितलं नाही. पण हे परत आले आणि म्हणाले, "लुगडं नीट नेसजो. दादासारखं." दादा, त्या वाक्यावर मी कितीतरी दिवस हसत होते. बाईने लुगडं कसं नेसावं याचा दाखला या घरात पुरुषाचा द्यायचे.

वहिनी सोडून तुम्ही म्हातारा सासरा घेतलात आणि तिथे खरी पंचाईत झाली. शेवटच्या अंकात वहिनी उंबऱ्याबाहेर येते, सासऱ्यासमोर उभी राहते आणि म्हणते, "मामंजी, आजवर आड राहून मी सारं ऐकलं, आज माझं ऐका." म्हणजे मला तुमच्याशी बोलायचं होतं. मध्ये खांब नाही, आत्याबाई नाहीत. पहिल्या तालमीला मी तो संवाद जमिनीला म्हटला. तुम्ही पाठ फिरवून मंडळाच्या अध्यक्षांना, पुंजाजी पाटलांना म्हणालात, "तिले सांगा पाटील, जमिनीले कान नसतात. समोर पाहून बोल म्हना." पाटील बिचारे तुमच्या शेजारी उभे, त्यांनी ते सगळं पुन्हा मला सांगितलं, जसं काही मी बहिरी आहे. मी मान हलवली आणि पुन्हा जमिनीलाच सांगितलं. जत्रेच्या दिवशी वर पाहीन, असं मनात ठरवलं होतं.

संवाद तुम्ही आपल्या बोलीत करून घेतलेत, ते मला फार आवडलं. सासरा आपल्यासारखा बोलणार, वहिनी आपल्यासारखी बोलणार. शेवटचा तो एक संवाद तेवढा होता तसा ठेवलात, तो गावाला पाठ आहे म्हणून. आणि गड्याचं काम करणाऱ्याला तुम्ही पुण्याची भाषा बोलायला लावलीत. "आपण बसावं, मी पाणी आणतो," असं तो नाकातून म्हणाला की तालमीतले सगळे लोळायचे. तो म्हणायचा, "दादा, माही जीभ वळत नाई." तुम्ही म्हणायचे, "वळीन. इतकी वर्सं आपलं हसू करून घेतलं, आता एक दिवस त्यायचं होऊ दे."

गंमत म्हणजे त्या संवादांतूनच आपण बोललो. नाटकात सून सासऱ्याला दाराआडून विचारते, जेवण झालं का, ऊन फार आहे, मळ्यात जाऊ नका. ते सगळं मी तुम्हालाच विचारत होते. एका तालमीला तुम्ही सारखे छातीवरून हात फिरवत होता. कोणाच्या लक्षात आलं नाही, पण मी जमिनीकडे पाहत असले तरी तुमचा हात मला दिसत होता. तेव्हा मी नाटकात नसलेलं एक वाक्य घातलं. "मामंजी, छातीत दुखते तं डाक्तरले दाखवा."

तुम्ही सोंग न सोडता उत्तर दिलंत. "दाखोतो सूनबाई. नाटक होऊ दे."

पाटलांना वाटलं, संवादच आहे. ते म्हणाले, छान जमलं, हे राहू द्या. मला मात्र तुमचा राग येतो दादा. नाटक होऊ दे म्हणालात आणि त्याच्या आधीच उठून गेलात. डॉक्टर नांदुऱ्याला होता, काही विलायतेला नव्हता.

आपला मोठा वाद झाला तो रडण्यावरून. दीर वेगळी चूल मांडणार असा निरोप येतो, तो प्रवेश. तुमची वहिनी तिथे पदराचा बोळा दातात धरायची, खांबाला टेकून हळूहळू खाली बसायची आणि बसल्यावर एकदाच हुंदका द्यायची. तो हुंदका ऐकायला लोक शेजारच्या गावांतून यायचे. मी आत्याबाईंना म्हटलं, "बाया अशा रडत नाईत म्हना त्यायले. निरोप आला तरी हातातली भाकर पुरी झाल्याबिगर बाई उठत नाई. मंग रडते, अन् तेबी मोरीत जाऊन."

तुम्ही जेवत होता. म्हणालात, "मोरीतलं रडनं मागच्या मानसाले दिसीन काय, इचार तिले."

"त्यायची वहिनी म्हंजे मानसानं केलेली बाई हाये म्हना."

"मंग गाव काऊन रडते म्हना?"

आत्याबाई मध्ये बसलेल्या, दोन्हीकडचे निरोप पोचवून वैतागलेल्या. त्या म्हणाल्या, "तुमी दोघं एकमेकायच्या तोंडावर भांडा बापा. मले मधात घेऊ नका." सासूने आपल्या तोंडाने परवानगी दिली होती. तुम्ही घास तोंडात धरून थांबलात, मी दाराआड थांबले. दोघांनाही ते जमलं नाही. मग तुम्ही हात धुतलेत आणि मळ्यात गेलात. पुढच्या तालमीला मी तो प्रवेश माझ्या पद्धतीने केला आणि तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. पटलं म्हणून गप्प बसलात की राग आला म्हणून, हे मला आता कोण सांगणार?

पाणी देता देता तुम्ही वाफ्याच्या कडेला बसलात आणि उठला नाहीत. शेजारच्या मळ्यातला माणूस धावत निरोप घेऊन आला, तेव्हा आत्याबाई सुपात तूरडाळ निवडत होत्या आणि मी हंडा घेऊन नुकती दारातून आत आले होते. आत्याबाईंनी ऐकलं, मान खाली घातली आणि डाळ निवडत राहिल्या. सूपभर डाळ निवडून होईपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत. आणि मी खांबाला टेकून खाली बसले. पदराचा बोळा दातात केव्हा गेला ते मला कळलं नाही. आणि मग तो हुंदका आला, तुमचाच, माझ्या गळ्यातून. आता या वादात कोण हरलं आणि कोण जिंकलं ते तुम्हीच ठरवा. तुमच्या आईने माझ्यासारखं केलं आणि मी तुमच्यासारखं.

अंगणात तुम्हाला ठेवलं तेव्हा मी तुमचा चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला. डाव्या भुवईवर एक जुना व्रण आहे तुमच्या. तो कशाचा, ते मला माहीत नाही. एका घरात राहून मला माहीत नाही. मी किती वेळ पाहत होते कोण जाणे, शेवटी कोणीतरी माझा पदर पुढे ओढला.

तेरवी झाली. काल पुंजाजी पाटील मंडळातल्या दोघांना घेऊन आले. अंगणात बसले, चहा घेतला, तुमच्याबद्दल बरं बोलले. मग म्हणाले, "घरात दुखवटा हाये. सूनबाईले कशाले तरास द्याचा? सोनाळ्याचा एक जन बाईचं काम करते, त्याले सांगावा धाडतो. त्यानं दादाचं काम कितीकदा पाह्यलं हाये. अक्षी दादासारखं करीन तो."

ह्यांनी मान खाली घातली. मी दाराआड उभी होते. आधी मला सुटल्यासारखंच वाटलं. कोणी शिट्टी मारील याची धास्ती गेली, मोताळ्याला माझ्या माहेरी कोण काय बोलेल ही काळजी गेली. पाटील वाईट माणूस नाहीत, आमची अब्रू झाकायलाच आले होते. पण एकदा का तो सोनाळ्याचा माणूस उभा राहिला, की पुन्हा या गावात बाईचं नाव कोणी काढणार नाही, हे मला तिथे उभ्या उभ्या दिसलं. तुम्ही तुमचं इतक्या वर्षांचं काम, ज्याच्यापायी संसार गमावला ते काम, आपल्या हाताने माझ्या ओटीत घातलंत. ते परत जाताना मी दाराआडून बघत बसायचं का?

मी उंबरा ओलांडला. पदर डोक्यावर होता, पण मी वर पाहिलं. "पाटील, वहिनी मीच करतो. सांगावा धाडू नका."

पाटलांनी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी आत्याबाईंकडे. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सुतक फिटलं. तिले करू द्या." पाटलांनी टोपी सारखी केली आणि सासऱ्याचं काम मग आपल्यालाच करावं लागेल असं म्हणत उठले.

ते गेल्यावर मी चहाच्या कपबशा उचलत होते. आत्याबाई माझ्याकडे न पाहता बोलल्या. "माह्या पोराले मी लुगड्यात कधी पाह्यलं नाई. लाज वाटे मले. सारं गाव पाहून आलं, मीच तेवढी राह्यलो." मग म्हणाल्या, "जत्रेले येतो मी. समोरच बसतो. त्याचं काही दिसीन तं पाहतो."

तेव्हापासून माझी भीती वेगळीच झाली आहे. शिट्ट्यांचं काही वाटत नाही, माहेरच्या बोलण्याचंही नाही. पुढच्या सतरंजीवर एक म्हातारी येऊन बसणार आहे आणि ती मला पाहायला येत नाही, याचीच धास्ती. कालपासून मी तेच उलटसुलट करते आहे. भाकर मी खरीच थापणार आहे. पाटलांच्या तोंडाकडे पाहून तो संवाद म्हणणार आहे, जमिनीकडे नाही. बाकी सगळं काम मी माझ्या मनासारखं करीन. पण निरोपाच्या प्रवेशात मी पदराचा बोळा दातात धरीन, खांबाला टेकून हळूहळू खाली बसेन आणि बसल्यावर एकदाच हुंदका देईन. बाया तशा रडत नाहीत, हे माझं म्हणणं मी सोडलेलं नाही दादा. पण तुमच्या आईने तुम्हाला एकदा तरी पाहायला हवं.